‘जाने भी दो यारो’ पुन्हा बघताना: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही वाचकांना म्हटलं होतं की, पूर्वी पोट धरून हसवलेला एखादा अचाट विनोदी सिनेमा आता पुन्हा बघा आणि काय अडलं, काय खटकलं ते कळवा. बहुतेक पत्रं एकाच सिनेमाकडे वळली, म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिला आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८३चा सिनेमा. दिग्दर्शक कुंदन शाह, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळाचा, तोही बेताचाच. विनोद (नसीरुद्दीन शाह) आणि सुधीर (रवी बासवानी) हे दोन फोटोग्राफर मुंबईत हाजी अलीला स्टुडिओ उघडतात आणि तर्नेजा (पंकज कपूर) व आहुजा (ओम पुरी) या दोन बिल्डरांच्या भांडणात सापडतात. म्युनिसिपल कमिशनर डिमेलोचा (सतीश शाह) खून होतो आणि त्यानंतर त्याचं प्रेतच सिनेमाचं मुख्य पात्र होऊन बसतं. शेवटी ते साडी नेसवलेलं प्रेत चालू असलेल्या महाभारताच्या नाटकात द्रौपदी म्हणून रंगमंचावर पोचतं.

प्रश्न: दूरदर्शनवर पाहिला तेव्हा घरात हसून हसून गोंधळ झाला होता. परवा मुलांना मुद्दाम बसवून दाखवला, तर पहिला पाऊण तास कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटच्या महाभारतालाही मुलं म्हणाली, ‘हे आम्ही मोबाइलवर पाहिलंय.’ सिनेमा जुना झाला की आम्ही? (सांगली)

तुमच्या मुलांच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. तो महाभारताचा प्रवेश पाच-सात मिनिटांचा तुकडा म्हणून इतका फिरला आहे की, बहुतेकांनी शेवट आधी आणि सुरुवात नंतर पाहिलेली असते. तुकड्यात गोंधळ दिसतो, पण त्या गोंधळात प्रत्येकाला काय हवंय ते कळत नाही. रंगमंचावर धावणाऱ्या प्रत्येकाला ते प्रेत हवं आहे आणि प्रत्येकाचं कारण निराळं आहे. विनोद-सुधीरला खुनाचा पुरावा म्हणून हवंय. तर्नेजाने खून केलाय, म्हणून त्याला ते गायब करायचंय. तर्नेजाची मानगूट धरायची असेल तर प्रेत आपल्या ताब्यात हवं, हे इतरांनीही ओळखलंय. ही कारणं माहीत नसतील तर समोर राहते नुसती पळापळ, आणि पळापळ तर हल्ली कुठेही बघायला मिळते.

पहिला पाऊण तास संथ आहे, हे खरंच. त्यात वादाला जागा नाही. पण तो वेळ सामान मांडण्यात गेलाय. बागेत एक सोनेरी कफलिंक सापडतं ते इथेच, आणि त्याचा जोडीदार नव्या उड्डाणपुलापाशी सापडतो म्हणून प्रेत कुठे पुरलंय याचा पत्ता लागतो. केक थोडा खायचा आणि थोडा फेकायचा, ही डिमेलोने परदेशातून आणलेली ‘संस्कृती’ही याच भागातली. अमेरिकेतल्या गटारांचं कौतुक करणारा हा माणूस जिवंतपणी इतका लक्षात राहिला नसता, तर मेल्यावर तासभर त्याला ओढत नेण्यात काही मजा उरली नसती.

पुन्हा लावाल तेव्हा गोष्टीमागे जाऊ नका, डिमेलोमागे जा. आता तो कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, एवढंच मुलांना विचारत राहा. बाग, पुलाखालची शवपेटी, रात्रीची उकराउकर, मग ती पेटी हातून निसटते आणि दारू प्यायलेल्या आहुजाला रस्त्यात भेटते. इथे मात्र जरा थांबून बघा. आहुजाला शवपेटी म्हणजे उघडी स्पोर्ट्स कार वाटते आणि आतला माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला, घुम्या ड्रायव्हर. ही एक चूक सोडली तर ओम पुरी पुढे काहीही विचित्र करत नाही. तो रस्त्यात अडलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलतो, उत्तर येत नाही म्हणून चिडतो, मन मोठं करून माफ करतो आणि शेवटी गाडी ओढून न्यायची तयारी दाखवतो. एक खुळं गृहीत धरायचं आणि त्यानंतरचं प्रत्येक पाऊल चोख तर्काने टाकायचं, अशी या सिनेमाची घडण आहे. तोंड वेंगाडून हसवायला बघणारं पात्र इथे औषधालाही सापडणार नाही.

आणखी एक. हा सिनेमा एकट्याने, कानात इयरफोनची बोंडुकं घालून बघू नका. चार-पाच जण एका खोलीत हवेत.

प्रश्न: टीव्हीवर लावला की माणसांची डोकी कापली जातात आणि संवाद नीट ऐकू येत नाहीत. प्रिंटच खराब आहे का? (कल्याण)

प्रिंटचा दोष असेलच असं नाही. एनएफडीसीने तो दुरुस्त करून २०१२च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा थिएटरांत लावला होता. तीच आवृत्ती शोधा. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये ‘झूम’ किंवा ‘फुल’ असेल तर ते ‘ओरिजिनल’ करा. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. त्या घालवायला गेलात की वरची डोकी आणि खालचे हात जातात, आणि या सिनेमात निम्मी गंमत हातांत आहे. हालचाल गुळगुळीत करणारं ‘मोशन’चं सेटिंग बंद ठेवा. आवाज ‘सिनेमा’वर न ठेवता ‘स्पीच’वर ठेवा, कारण जुन्या सिनेमाचा एकपदरी आवाज चारी बाजूंना फाकवला की संवाद मागे पडतो.

प्रश्न: बागेचं नाव ‘अँतोनिओनी पार्क’ का? आणि फोटो मोठा करत गेल्यावर मागे चाललेला खून दिसणं खरोखर शक्य आहे का? (नाशिक)

नाव म्हणजे सलाम आहे. इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो अँतोनिओनी यांच्या १९६६च्या ‘ब्लो-अप’मध्ये लंडनचा एक फोटोग्राफर बागेतले फोटो मोठे करत जातो आणि त्याला झुडपात पिस्तूल दिसू लागतं. तिथे प्रश्न असा होतो की, दिसतंय ते खरं आहे की नुसते फिल्मचे दाणे? इथे मुंबईत तो प्रश्नच उठत नाही. खून स्वच्छ दिसतो, खुनीही दिसतो, आणि तरी काही उपयोग होत नाही. फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या मुलांनी आपल्या गुरूला अशी टपली मारलीय.

आता शक्य-अशक्याचा हिशेब. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. साध्या ५० मिमी लेन्सने ३० मीटरवरचा पावणेसहा फुटी माणूस निगेटिव्हवर जेमतेम पावणेतीन-तीन मिलिमीटर उंच येतो. त्याच्या हातातलं २० सेंटिमीटरचं पिस्तूल येतं ०.३३ मिलिमीटर. आता २० इंच लांबीचा प्रिंट काढलात, म्हणजे साधारण १४ पट मोठा, तर पिस्तूल साडेचार-पाच मिलिमीटरचं होईल. गव्हाच्या दाण्याहून लहान. हातात काहीतरी लांबट आहे इतकं कळेल. चेहराही तेवढाच, म्हणजे ओळखीचा माणूस ठेवणीवरून ओळखता येईल, अनोळखी नाही. १३५ मिमीची लेन्स असती तर सगळं २.७ पट मोठं आलं असतं आणि मग गोष्ट पटण्यासारखी झाली असती.

याहून मोठं करण्यात अर्थ का नाही? कारण चित्र चांदीच्या दाण्यांचं बनलेलं असतं. प्रिंटचा पुन्हा फोटो काढून तो वाढवला, तर वाढतात ते दाणेच. निगेटिव्हवर नसलेलं काही एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र, आणून देत नाही.

डार्करूममध्ये प्रत्यक्ष काय बिघडतं तेही सांगतो, कारण हा प्रवेश बघून काहींना पुन्हा हात घालावासा वाटतो. सातपट प्रिंटला १० सेकंद लागत असतील, तर १४ पटीला लेन्सच्या त्याच छिद्रावर ३५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात निगेटिव्ह दिव्याच्या उष्णतेने फुगतं आणि फोकस मधेच सरकतो. त्यासाठी दिवा आधी मिनिटभर चालू ठेवून निगेटिव्ह तापू द्यावं, मग फोकस पुन्हा करावा आणि लगेच कागद लावावा. नाहीतर काचेच्या कॅरिअरमध्ये, म्हणजे निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीत, दाबून बसवावं. रस्त्यावरून ट्रक गेला की एन्लार्जरचा खांब थरथरतो आणि कडा दुहेरी येतात. म्हणून टेबल भिंतीला टेकवू नका आणि पंखा बंद ठेवा. डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांना दीड ते दोन मिनिटं मागतो. मुंबईच्या उन्हाळ्यात नळाचं पाणीच ३० अंशांच्या घरात असतं. तेव्हा ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवला नाही, तर प्रिंट भराभर काळवंडतो आणि पांढरा भाग मळकट होतो. पिस्तूल मग सावलीतच राहतं.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गणपतीत अशाच धर्तीचं, म्हणजे पौराणिक नाटक चालू असताना स्टेजवर प्रेत शिरतं असं प्रहसन बसवायचं आहे. प्रेताचं काम करणाऱ्याने काय काळजी घ्यावी? (डोंबिवली)

आधी पौराणिक प्रवेश नीट बसवा. वस्त्रहरणाचा असेल तर अगदी गंभीर, पल्लेदार, कुणालाही न हसवणारा. किमान चार तालमी प्रेताशिवाय. ज्या नाटकाचा विचका व्हायचा आहे ते प्रेक्षकाला आधी ओळखू यायला हवं. सिनेमात रंगमंचावरची मूळ मंडळी शेवटपर्यंत नाटक सावरायची धडपड करत असतात, म्हणून मध्येच ‘मुगल-ए-आझम’चा अकबर बादशहा येऊन उभा राहिला की हसू फुटतं. सगळेच वेडे झाले तर वेड कुणाचं ते कळत नाही.

मग प्रेत. सतीश शाह यांच्यासारखा भरदार माणूस सिनेमात चालतो, कारण तिथे तुकड्यातुकड्याने चित्रण होतं. स्टेजवर ५५-६० किलोचा घ्या आणि पोटाला कापूस बांधा. त्याच्या कमरेला कपड्यांखालून रुंद कातडी पट्टा बांधा आणि पट्ट्याला मागे कापडाच्या दोन मुठी शिवा. दोघांनी काखेत हात घालून एक-एक मूठ धरायची. बघणाऱ्याला वाटतं वजन काखेवर आहे. खरं वजन प्रेताच्या स्वतःच्या पायांवर असतं. गुडघे किंचित वाकवून तो चवड्यांवर चालत असतो आणि साडी ते झाकते. साडीचा काठ जमिनीपासून दोन इंच वर ठेवा, नाहीतर पहिल्याच फेरीत कुणीतरी त्यावर पाय देणार.

सर्वांत जास्त चुका मानेच्या होतात. मेलेल्या माणसाची मान मागे टाकलेली छान दिसते म्हणून नट मागे टाकतो, आणि उचलणाऱ्याचा हात सुटला की दुखापत. हनुवटी कायम छातीकडे. दुसरी चूक हाताची: पडताना जिवंत माणूस हात पुढे करतोच. ही सवय मोडायला सहा इंची गादीवर रोज दहा-बारा वेळा पडायचा सराव करा. तिसरी, मदत करण्याची: गळ्यात अडकवलेला हात नट नकळत स्वतः धरून ठेवतो. तो सोडला की खाली लोंबला पाहिजे आणि दोनदा झुलून थांबला पाहिजे.

श्वास पोटाने, नाकाने. पळापळीनंतर छाती भात्यासारखी हलते आणि पुढच्या तीन रांगांना ती दिसते. त्यावर उपाय नटाकडे नाही, तुमच्याकडे आहे. प्रत्येक धावपळीनंतर प्रेत वीस-पंचवीस सेकंद इतरांच्या पाठीमागे राहील अशा हालचाली आखा आणि पदर छातीवर चुण्या घालून पसरवा. डोळे मिटलेलेच ठेवा. उघडे ठेवले की पापणी लवणार.

खरी गोम पुढे आहे. एरवी वस्त्रहरणात दुःशासन साडी ओढतो आणि द्रौपदीचं काम करणारी स्वतःभोवती फिरते, म्हणून साडी सुटत जाते. प्रेत फिरत नाही! मग साडी ओढली की प्रेतच ओढलं जातं. प्रहसनाचा जीव इथे आहे. प्रेताभोवती कुणाला तरी फिरावं लागेल, नाहीतर ओढणंच थांबवावं लागेल. सिनेमाने दुसरी वाट घेतली: साडी सुटली तर खाली कमिशनर निघणार, म्हणून अशी सती नारी पाहून वस्त्रहरणाचा बेत रद्द केल्याचं दुर्योधनच जाहीर करतो. खलनायकावर अब्रू राखायची वेळ येणं, ही उलटापालट कोणत्याही कोटीपेक्षा वरची आहे. तुम्ही पहिली वाट घेऊन बघा. आतली साडी आधीच निऱ्या शिवून नाडीवर बसवलेली ठेवा आणि ओढायची साडी वेगळी, साडेपाच मीटरची, फक्त एक टोक खोचलेली. दोन्हींची गल्लत झाली तर भर मांडवात पट्टा दिसेल.

सिनेमातला धृतराष्ट्र पुनःपुन्हा ‘हे काय चाललंय’ म्हणून विचारतो. आंधळ्या राजाच्या तोंडी हा प्रश्न मूळ कथेतही शोभतो आणि प्रेक्षकाच्या मनातही तोच असतो, म्हणून तो दर वेळी लागतो. असा एक धागा तुमच्याकडेही ठेवा, पण पाच-सहा वेळांच्या वर नाही, आणि दर वेळी त्याच सुरात. नट सूर बदलून हशा मागायला लागला की खेळ संपला. हशा आला तर तो चढून उतरायला लागेपर्यंत थांबा, पुरता विरेपर्यंत थांबू नका. एकूण प्रवेश दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. प्रेत उचलणारे तेवढ्यात दमतातच.

संवाद मात्र स्वतः लिहा, सिनेमातले उचलू नका. ते रंजित कपूर आणि सतीश कौशिक यांचे आहेत. बाहेर तिकीट लावून प्रयोग करायचा झाला तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागेल, हेही लक्षात असू द्या. आणि तळकोकणातला एखादा दशावतारी खेळ जमल्यास पाहून घ्या. लिहिलेले संवाद नाहीत, स्त्रीपात्रं पुरुष करतात, पदर सावरत लढाया करतात आणि तरी आख्यान हातचं सुटत नाही. सावरण्याची कला तिथे शिकायला मिळेल.

प्रश्न: संपादक शोभा सेन म्हणजे ‘ती फुलराणी’वाल्या भक्ती बर्वेच ना? घरात पैज लागली आहे. (पुणे)

त्याच. पु. ल. देशपांडे यांचं ‘ती फुलराणी’ १९७५चं. म्हणजे सिनेमा आला तेव्हा मराठी प्रेक्षकाला त्यांची मंजुळा चांगलीच पाठ होती. इथे त्या ‘खबरदार’ची संपादक होऊन विनोदवर मोहिनी टाकतात आणि भ्रष्टाचार उघडकीला आणायच्या नावाखाली स्वतःचा सौदा जुळवतात. आवाज तोच, ठाशीव आणि लाघवी. तो या वेळी खोटं बोलायला वापरलाय, म्हणून पुन्हा बघताना त्यांच्या वाक्यांकडे कान द्या. पैजेचाच विषय निघालाय तर हेही: फोटोग्राफरांची पूर्ण नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा. दोन्ही नावं सिनेमाच्याच चमूतली. सुधीर मिश्रा पटकथेत होते आणि विधु विनोद चोप्रा तर पडद्यावर दुःशासन झालेत.

प्रश्न: विनोद आणि तर्नेजाचा माणूस अशोक एकाच खोलीत, एकमेकांशी फोनवर बोलतात. मुलीला यातलं काहीच कळेना. (सोलापूर)

तिला आधी पॅरलल फोन समजावून द्या. एकाच तारेवर दोन यंत्रं. कुठलंही उचललं तरी लाइन चालू, आणि दोन्ही उचलली तर दोघांना एकमेकांचं ऐकू येतं. त्यात रिसिव्हरला वेटोळ्यांची दोरी. मोबाइलवाल्याला ‘हा इथेच का उभा आहे?’ असा प्रश्न पडत नाही, कारण त्याचा फोन कुठेही जातो. दोरीवाला फोन माणसाला जागेला बांधून ठेवतो. त्यामुळे आवाज पाठीमागून येतोय हे कळायला त्याला वळावं लागतं, आणि वळला की दोरी गुंतते.

प्रश्न: विनोदी सिनेमा म्हणून दाखवला आणि शेवटी घरात शांतता पसरली. दोघांना कैद्यांच्या कपड्यांत पाहून धाकटी रडली. हा शेवट आमच्या आठवणीतच नव्हता! (कोल्हापूर)

महाभारत आठवतं आणि त्यानंतरची काही मिनिटं विसरली जातात, हे अनेकांच्या पत्रांत आहे. पोलीस येतात, मोठ्यांची आपसात तडजोड होते आणि पूल पडल्याचं खापर दोघा फोटोग्राफरांवर फुटतं. कैद्यांच्या वेशात ते मुंबईच्या रस्त्यावर येतात. मागे ‘होंगे कामयाब’ वाजतंय. सुरुवातीपासून याच गाण्याने त्यांना उभारी दिलेली असते. ते कॅमेऱ्याकडे बघतात आणि गळ्यावरून हात फिरवतात.

१९८३च्या मराठी प्रेक्षकाला हे आजच्याइतकं अनपेक्षित वाटलं नसावं. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणात होतं, परवान्याने मिळे. १९८२च्या फेब्रुवारीत ते नियंत्रण अर्धवट उठलं, पूर्ण उठलं १९८९मध्ये. सिमेंटवाटप आणि ट्रस्टच्या देणग्या यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी १९८२च्या जानेवारीत राजीनामा दिला होता. म्हणजे पडद्यावर ‘पूल’ आणि ‘बिल्डर’ हे शब्द आले की थिएटरात बसलेल्याला वर्तमानपत्राचं पहिलं पान आठवत होतं. काँक्रीटची ताकद बघायला १५ सेंटिमीटरचे ठोकळे करून २८ दिवसांनी ते फोडून बघतात. ठोकळ्यात सिमेंट नीट घालायचं आणि पुलात कमी, एवढं केलं की कागद स्वच्छ राहतो. सिनेमात पूल का पडला हे कुणी समजावत बसत नाही, कारण तेव्हा समजावायची गरज नव्हती.

मुलं दहा-बारा वर्षांच्या आतली असतील तर महाभारतानंतर चहाच्या निमित्ताने थांबवा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी, त्यांच्या शेजारी बसून दाखवा. कापून टाकू नका. पहिला पाऊण तास विनोद-सुधीर इतके भाबडे का दाखवलेत, याचं उत्तर त्याच मिनिटांत आहे. धाकटीला विचारा, डिमेलो सोडून या सिनेमात खरं बोलणारे कोण होते? डिमेलो खोटं बोलत नव्हता, कारण मेल्यावर त्याला बोलताच आलं नाही.